चौघी माहेरी गेल्या

आज आपल्याला लांब जायचंय, थेट आफ्रिकेत. पण वाट नाशकावरून जाते, म्हणून आधी तिथं क्षणभर थांबू.

नाशिकचं शरणपूर तुमच्यातल्या कितीतरी जणींना माहीत असेल. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथल्या मिशनच्या आश्रमात आफ्रिकेची मुलं राहायची. गुलामांची जहाजं पकडून इंग्रजांचं आरमार ज्या मुलांना सोडवायचं, त्यातली काही इथं आणली जायची. इथंच ती लिहायला-वाचायला आणि हातचा धंदा शिकली. १८६५ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन नावाचा गोरा माणूस मुंबईला आला आणि यातल्या काही तरुण मुलांना सोबत घेऊन आफ्रिकेला गेला. पुढं १८७३ साली तो तिकडेच, जंगलाच्या आतल्या भागात वारला. तेव्हा त्याच्यासाठी शेवटची प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइट या मुलानं. झाडाच्या खोडावर त्याचं नावही यानंच कोरलं. हा जेकब आपल्या नाशकात शिकलेला.

शाळेच्या पुस्तकात लिव्हिंगस्टन भेटतो तो व्हिक्टोरिया धबधबा जगाला दाखवणारा म्हणून. मुळात तो मिशनरी होता. लोकांना येशूची शिकवण द्यायची, त्यांना बाप्तिस्मा द्यायचा, यासाठीच तो घरून निघाला होता. आणि एवढ्या मोठ्या नावाच्या माणसानं बाप्तिस्मा दिलेलं मोठं माणूस म्हणून सगळीकडे एकच नाव सांगतात. ते नाव सेचेले. आमची गोष्ट या सेचेलेची आहे, आणि त्याहून जास्त त्याच्या बायकांची.

लिव्हिंगस्टन स्कॉटलंडमधला, १८१३ चा जन्म. घरची गरिबी. दहाव्या वर्षी सूतगिरणीत लागला. यंत्रावर तुटलेला धागा जोडायचं काम, सकाळी सहा ते रात्री आठ. पहिल्या पगारातून त्यानं लॅटिनचं पुस्तक घेतलं आणि ते यंत्रावरच टेकवून येता-जाता एकेक ओळ वाचायचा. पुढं डॉक्टरकी शिकला. लंडन मिशनरी सोसायटीनं त्याला आफ्रिकेला पाठवलं आणि १८४१ साली तो कुरुमान या ठाण्यावर पोचला. तिथं रॉबर्ट मॉफट हा मिशनरी कुटुंबासह बरीच वर्षं राहत होता. त्यानं तिथल्या लोकांच्या सेट्स्वाना भाषेत बायबलचं भाषांतर करायला घेतलं होतं, त्यातला नवा करार छापूनही झाला होता. मॉफटची थोरली मुलगी मेरी. तिचा जन्म आफ्रिकेतलाच, ती भाषा तिच्या तोंडात लहानपणापासूनची. १८४५ साली लिव्हिंगस्टनचं तिच्याशी लग्न झालं. पुस्तकं लिव्हिंगस्टनबद्दल भरभरून बोलतात, पण त्या मुलखात संसार कसा चालवायचा हे ज्ञान होतं ते मेरीला. साबण, मेणबत्त्या, लोणी, पाव, सगळं ती घरी करायची. लहान मुलांची शाळा घ्यायची, मुलींना शिवण शिकवायची. लोक तिला म्हणायचे मा-रॉबर्ट, म्हणजे रॉबर्टची आई. थोरल्या लेकराच्या नावानं आईला हाक मारायची तिथली रीत. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? गावात निम्म्या बायका गण्याची आई नाहीतर सुमीची आई.

लग्नानंतर दोघं सेचेलेच्या गावाजवळ राहायला गेली.

सेचेले हा बक्वेना लोकांचा प्रमुख. क्वेना म्हणजे मगर. मगर हे त्यांच्या कुळाचं चिन्ह, आपल्या देवकासारखं. सेचेले लहान असताना त्याच्याच लोकांनी त्याच्या बापाला मारलं. पोरगं परागंदा झालं. मोठं झाल्यावर काही वजनदार घराण्यांच्या पाठबळावर त्यानं गादी परत मिळवली. ज्यांनी साथ दिली त्यांच्या लेकी त्यानं बायका म्हणून घरात आणल्या. अशा पाच बायका झाल्या. म्हणजे ही लग्नं नुसती हौसेची नव्हती. प्रत्येक लग्न हा एकेका घराण्याला दिलेला शब्द होता. त्या लोकांत मुलाकडून मुलीच्या घरी गुरं द्यायची रीत असते, तिला बोगादी म्हणतात. ती दिली की बाईचं त्या घरातलं स्थान पक्कं, आणि तिची लेकरं त्या घराची.

सेचेले हुशार होता. लिव्हिंगस्टन तिथं राहायला आला त्या पहिल्याच दिवशी तो सगळी अक्षरं शिकला. मग वाचनाचा असा नाद लागला की शिकार सुटली, आणि शिकार सुटल्यामुळं हा सडसडीत माणूस चांगला जाडजूड झाला. लिव्हिंगस्टननंच हे लिहून ठेवलंय. बायबलमधला यशया त्याला फार आवडायचा. त्या माणसाला बोलता येत होतं, असं तो कौतुकानं म्हणायचा. पण तो प्रश्नही विचारायचा. एकदा त्यानं विचारलं, की तुमच्या वाडवडिलांना ही शिकवण आधीपासून माहीत होती, मग त्यांनी माझ्या वाडवडिलांना ती कळवली का नाही? ते बिचारे काहीच न कळता गेले. या प्रश्नाचं नीट उत्तर लिव्हिंगस्टनला देता आलं असं आम्हाला तरी वाटत नाही.

लोकांना धर्म पटवायला एवढं बोलत बसतोस कशाला, असंही सेचेलेनं त्याला सांगून पाहिलं. माझे लोक बोलून ऐकणारे नाहीत, तू म्हणशील तर गेंड्याच्या कातड्याचे चाबूक काढतो, एका दिवसात सगळे विश्वास ठेवतील! लिव्हिंगस्टननं अर्थातच नको म्हटलं. मग सेचेलेनं आपल्या घरात रोज प्रार्थना सुरू केली. त्याला वाटलं, प्रमुखाचं बघून लोक येतील. पूर्वी प्रमुखाला शिकारीचा नाद असला की सगळा गाव शिकारीला जायचा, त्याला दारू आवडली की सगळा गाव प्यायचा. पण प्रार्थनेला घरच्या माणसांपलीकडे कोणी आलं नाही.

घरच्या माणसांत बायका होत्या. त्या वाचायला शिकत होत्या. आणि चांगल्या शिकत होत्या, लिव्हिंगस्टनच्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थ्यांत त्यांची गणना होती. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सेचेलेला बाप्तिस्मा हवा होता, आणि अडचण होती ती या बायकांची. मिशनऱ्यांचा नियम होता, एका पुरुषाला एकच बायको. लिव्हिंगस्टननं घाई केली नाही हे खरं सांगायला हवं. त्यालाही दिसत होतं की या बायका ज्यांच्या लेकी, त्यांच्याच आधारावर हा गादीवर बसलाय. सेचेले एकदा त्याला म्हणाला होता, की आमच्या चालीरीतींच्या जाळ्यात मी अडकायच्या आधीच तू आला असतास तर बरं झालं असतं. अशी सुमारे तीन वर्षं गेली. शेवटी सेचेलेनं बाप्तिस्मा मागितला. तेव्हा लिव्हिंगस्टननं त्याला एवढंच विचारलं, की बायबल तुझ्या हातात आहे, तुला वाचता येतं, आता काय करायला हवं असं तुला वाटतं?

सेचेले घरी गेला. चौघींना नवे कपडे दिले. त्याच्या ज्या वस्तू त्यांच्या झोपड्यांत ठेवलेल्या असायच्या, त्याही त्यांनाच देऊन टाकल्या. आणि चौघींना माहेरी धाडलं. सोबत निरोप दिला, की यांच्यात काही खोट नाही, माझी काही तक्रार नाही, मला देवाच्या इच्छेप्रमाणे वागायचंय म्हणून पाठवतोय.

मैत्रिणींनो, तक्रार नाही, खोट नाही, तरी माहेरी. आपल्याकडे नांदणाऱ्या बाईला परत पाठवताना निदान काहीतरी खोट काढतात. मूल होत नाही म्हणतात, पायगुण बरा नाही म्हणतात. इथं तेवढंही नव्हतं. निरोप आईबापांना गेला. या बायकांना कोणी काही विचारल्याचं वाचायला मिळत नाही. पाच वर्षं, दहा वर्षं ज्या घरात चूल पेटवली, पोरं वाढवली, तिथून एका नियमासाठी उठायचं. हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते लिव्हिंगस्टनच्या हातच्या लिखाणातून. त्याला त्यांची कणव आली होती, त्या आमच्या चांगल्या विद्यार्थिनी होत्या असं तो हळहळून सांगतो. पण त्या स्वतः काय म्हणाल्या, ते लिहायला कोणी बसलं नाही. वाचायला शिकल्या होत्या त्या. लिहायला मिळालं असतं तर काय लिहिलं असतं, हा विचार आमच्या डोक्यातून जात नाही.

घरात राहिली ती थोरली, मानाची बायको, सेलेमेंग. लिव्हिंगस्टनच्या मते धर्म घेण्याची सगळ्यात कमी शक्यता कोणाची, तर तिची. प्रार्थनेला ती तिच्या नेहमीच्या पेहरावात यायची, आणि सेचेले तिला झगा घालून ये म्हणून बाहेर पाठवायचा. ती तोंड वाकडं करत जायची. म्हणजे शिकण्यात पुढं होत्या त्या गेल्या, आणि जिला यात गोडी नव्हती ती राहिली. बाईची आवड-नावड यात कुठेच मोजलेली नव्हती, गेलेलीची नाही आणि राहिलेलीचीही नाही.

१ ऑक्टोबर १८४८ रोजी कोलोबेंग या गावी सेचेलेचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या मुलांचाही त्याच्याबरोबर झाला. हे गाव आजच्या बोत्सवाना देशात येतं. बघायला मोठी गर्दी लोटली. कोणीतरी अफवा उठवली होती की बाप्तिस्म्यात मेलेल्या माणसाचा मेंदू पाण्यात कालवून पाजतात. नुसतं पाणी वापरलेलं पाहून लोक चकित झाले. पण म्हातारी माणसं रडत होती. आपला प्रमुख गोऱ्या माणसाच्या मंत्रानं बांधला गेला, असं त्यांना वाटत होतं.

आणि पाऊस नव्हता.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण दुष्काळ आपल्याला कोणी शिकवायला नको. त्या मुलखातलं मुख्य धान्य ज्वारीच. शेत कुदळीनं खणायचं काम बायकांचं. लिव्हिंगस्टन तिथं होता त्यातली बरीच वर्षं पाऊस पडलाच नाही म्हणावं इतका कमी पडला. नदीला पाट काढून त्यानं पिकाला पाणी दिलं, पण पुढं नदीच आटली. मासे मेले, ते खायला तरस यायला लागले. हवा इतकी कोरडी की महिनोन् महिने उघड्यावर पडलेली सुईसुद्धा गंजली नाही. पोरं रानात कंदमुळं खणत हिंडायची. बायकांनी अंगावरचे दागिने देऊन दुसऱ्या टोळ्यांकडून धान्य आणलं. हे वाचताना तर आम्हाला १९७२ आठवला. दागिना मोडून धान्य आणणं ही बायकांची बँक सगळीकडे सारखीच दिसते.

सेचेले नुसता प्रमुख नव्हता, तो पाऊस पाडणारा वैदूही होता. त्यांच्यात ते प्रमुखाचं मोठं काम. नवा धर्म घेताना त्यानं ते सोडलं. मग लोकांनी हिशेब मांडला: गोरा माणूस आला, प्रमुखानं पाऊस पाडणं सोडलं, पाऊस गेला. सेचेलेचा चुलता लिव्हिंगस्टनकडे आला. त्यानं अगदी गोडीनं विनवलं, की तुला आम्ही आमचाच मानतो, पण प्रमुखाला एकदा तरी पाऊस पाडू दे, मग आमची सगळी माणसं शाळेत येतील.

पाऊस पाडणाऱ्या एका वैदूशी लिव्हिंगस्टनचा वादही झाला होता. तू औषध केलंस तरी पाऊस येत नाही, असं हा म्हणाला. वैदूनं उलट विचारलं, तू डॉक्टर आहेस, तुझ्या औषधानं कधी रोगी बरा होतो, कधी मरतो, म्हणून तू औषध देणं सोडतोस का? मीही देवाजवळच मागतो, तूही मागतोस. वैदूचं हे बोलणं लिव्हिंगस्टननं सगळंच्या सगळं छापलं, हा त्याचा प्रामाणिकपणा आम्हाला आवडला. तिथं पावसाला पुला म्हणतात. लोक एकमेकांना आशीर्वाद देतानाही पुलाच म्हणतात, आणि आज बोत्सवानाच्या चलनाचं नावही पुला आहे. पावसाची एवढी किंमत.

चौघी माहेरी गेल्यावर त्यांची घराणी बिथरली. आपल्या लेकींचा अपमान झाला, तो या नव्या धर्मामुळं, हे त्यांना सरळ दिसत होतं. शाळा आणि प्रार्थना ओस पडली. प्रमुखाच्या घरची माणसं सोडली तर फारसं कोणी येईना. मिशनऱ्याचा समज होता की प्रमुख आला की गाव येईल. इथं प्रमुख आला आणि गाव गेला.

१८४९ साल उजाडलं. परत पाठवलेल्या बायकांपैकी एक गरोदर असल्याचं कळलं. मूल सेचेलेचं होतं. त्यानं लपवलं नाही, चूक कबूल केली, आणि मला टाकू नकोस अशी लिव्हिंगस्टनला विनवणी केली. लिव्हिंगस्टन पार खचला. त्यानं सेचेलेला प्रभुभोजनातून बाहेर ठेवलं. ते पवित्र भोजन म्हणजे मंडळीत असल्याची खूण. लिव्हिंगस्टनच्या लेखी त्याचा एकुलता एक शिष्य घसरला. पुढं काही महिन्यांतच तो उत्तरेला न्गामी सरोवराच्या शोधात निघाला, आणि मग त्याचं चित्त प्रवासातच रमलं.

या प्रसंगाला पुस्तकांत सेचेलेचं पतन म्हणतात. आम्ही आपसात बोललो तेव्हा आमच्यातली एक म्हणाली, अगं, ती त्याची बायकोच होती ना? कालपर्यंत लोकांसमोर बायको, आज तीच पाप. आम्ही सगळ्या गप्प झालो. पुरुषाची चूक होती तर ती कोणती, एका बाईकडे परत गेला ही, की चौघींना पाठवलं ही? यावर आमच्यात एकमत नाही. एकाच्या पाच बायका असाव्यात असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नाही. सवत काय असते हे आपल्याकडच्या ओव्या आणि म्हणी पुरेपूर सांगतात. पण चाल वाईट म्हणून ती मोडायची, तर मोडण्याचा भार कोणाच्या डोक्यावर, हा प्रश्न उरतोच. तो भार त्या चौघींच्या डोक्यावर गेला.

आता मेरीकडे या. एकच बायको असावी असं शिकवणाऱ्याच्या त्या एका बायकोचं काय झालं? १८५० साली लिव्हिंगस्टन तिला नि मुलांना घेऊन वाळवंट ओलांडायला निघाला. मेरी गरोदर होती. परत आल्यावर कोलोबेंगला मुलगी झाली, एलिझाबेथ. ती सहा आठवड्यांत गेली. तिला तिथंच पुरलं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रवास, पुन्हा मेरी गरोदर. तिच्या आईनं जावयाला खरमरीत पत्र लिहिलं. त्याचा उपयोग झाला नाही, आणि मेरी नदीकाठी वाटेतच बाळंत झाली. १८५२ साली त्यानं तिला चार मुलांसह जहाजावर बसवून इंग्लंडला पाठवलं, आणि स्वतः आफ्रिका आडवी पार करायला गेला. मेरीनं चार वर्षांहून जास्त काळ त्या परक्या थंड मुलखात, अपुऱ्या पैशात, आज या घरी उद्या त्या घरी असा काढला. तो परत आला तेव्हा देश त्याला डोक्यावर घेऊन नाचला. पुढं ती पुन्हा त्याच्यामागे आफ्रिकेला गेली आणि २७ एप्रिल १८६२ रोजी झांबेझी नदीकाठी शुपांगा इथं तापानं वारली. वय ४१. तिलाही पाठवलंच होतं म्हणायचं, फक्त माहेरी नव्हे.

मेरी इंग्लंडला गेली त्याच वर्षी, १८५२ च्या ऑगस्टमध्ये, शेजारच्या बोअर लोकांनी सेचेलेवर हल्ला केला. बोअर म्हणजे तिथं वसलेले डच वंशाचे शेतकरी. बक्वेना लोकांनी त्यांचं ऐकावं, इंग्रज व्यापाऱ्यांना वाट देऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. सेचेले ऐकेना. गाव जळालं, सुमारे दोनशे बायका-मुलं धरून नेली. लिव्हिंगस्टन तेव्हा तिथं नव्हता. त्याचं घर लुटलं, पुस्तकं फाडली, औषधाच्या बाटल्या फोडल्या.

सेचेले उठला आणि इंग्लंडच्या राणीकडे दाद मागायला निघाला. केपटाऊनपर्यंत पोचलाही. पण पुढं जायला कोणी मदत केली नाही, पैसे संपले, तो परत फिरला. परत येऊन त्यानं जे केलं ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. त्यानं स्वतःच शाळा घेतली, स्वतःच प्रार्थना चालवली, लोकांना वाचायला शिकवलं. आणि आता लोक यायला लागले. हल्ल्यात विस्कटलेल्या आसपासच्या टोळ्याही त्याच्या आसऱ्याला आल्या. १८५७ च्या सुमाराला त्यानं जर्मन मिशनरी बोलावून घेतले, १८६६ साली लंडन सोसायटीचा माणूस पुन्हा आला. पावसाचे विधीही त्यानं पुन्हा सुरू केले. एका हातात बायबल, दुसऱ्या हातात पावसाचं औषध. मिशनऱ्यांना ते खटकायचं, त्याला नाही. ज्याला लिव्हिंगस्टन हातचा गेला समजला, त्यानं जितक्या लोकांपर्यंत ती शिकवण नेली तितक्या लोकांपर्यंत लिव्हिंगस्टन कधी पोचला नाही, असं आता काही अभ्यासक म्हणतात. सेचेले १८९२ साली वारला.

त्याच्यामागून गादीवर आला सेबेले, त्या सेलेमेंगचा मुलगा, झगा घालून ये म्हणून जिला बाहेर पाठवायचे तिचा. १८९५ साली सेबेले आणखी दोन प्रमुखांबरोबर लंडनला गेला, आमची जमीन कंपनीच्या हाती देऊ नका म्हणून सांगायला. बाप केपटाऊनवरून परतला होता, मुलगा पोचला. त्या तिघांचं चित्र बोत्सवानाच्या शंभर पुलाच्या नोटेवर आलं. नोटेवर तिघंही पुरुष आहेत. सेलेमेंगला मात्र गावात मा-सेबेले म्हणत, सेबेलेची आई.